नारळ फुटला, झुला कुठाय?

"पुण्याची तिकिटं निघाली म्हणे!"

भिंतीपलीकडून काकू. हातात मुनग्याच्या शेंगांची जुडी. बातमी काढायला रिकाम्या हातानं यायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता आहे.

"निघाली ना. आझाद हिंदची. चिरंजीवांनी शिवसृष्टीचा घोशा लावलाय."

"ती आंबेगावची? बाबासाहेब पुरंदऱ्यांची? पण ती झाली का पुरी?"

"चार टप्पे आहेत, काकू. दोन उघडलेत."

"म्हणजे पाहुण्याला अर्ध्या ताटावर बसवलं म्हण की."

झालं. माझी कणीक तिंबायची राहिली ती राहिलीच. काकूंचं माहेर रायपूरचा तात्यापारा; पंडरीत घर बांधलं तेव्हा शेजारी बसस्टँड गजबजलेला होता, तोही २०२१ मध्ये भाटागावला गेला. कापड मार्केटमध्ये साडीचा भाव पाडण्यात आणि रायपुरातल्या प्रत्येक अर्धवट कामाची जन्मतारीख सांगण्यात त्यांचा हात कुणी धरू शकणार नाही.

"माझे धाकटे दीर तेव्हा दादरला नोकरीला होते," काकूंनी शेंगा भिंतीवर ठेवल्या, म्हणजे मुक्काम लांबणार. "चौऱ्याहत्तर साली. महाराजांच्या राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली म्हणून बाबासाहेबांनी शिवाजी पार्कवर शिवसृष्टी उभी केली होती. भाऊजी रायपूरला आले की दुसरं बोलणंच नाही. तेव्हापासून बाबासाहेबांच्या डोक्यात कायमची शिवसृष्टी. आणि पहिला टप्पा उघडला कधी?"

"२०२३ ची शिवजयंती. १९ फेब्रुवारी. सरकारवाडा."

"आणि बाबासाहेब गेले?"

"नोव्हेंबर २०२१."

"बघ. शंभरीत पाऊल टाकलं होतं त्यांनी. सव्वा वर्ष! सव्वा वर्षानं हुकलं." काकूंचा आवाज एकदम खाली आला आणि तितक्याच झटक्यात वर गेला. "एवढं आयुष्य कुणाला असतं गं? त्यांना पुरलं नाही, तर तुला-मला काय पुरणार?"

वरच्या गॅलरीतून काका खाकरले. काका सरकारी बांधकामातून रिटायर झालेत. कुठल्याही रखडलेल्या कामाला कुणी नावं ठेवली की ती त्यांना जिव्हारी लागतात.

"ती काही घरकुल योजना नाही," काका वरून म्हणाले. "एकवीस एकर जागा आहे. संस्थेचं काम, देणग्यांवर आणि सरकारी मदतीवर चालतं. पैसा येतो तसं काम पुढं सरकतं. दगडी बांधकामाचा घाट घालायचा, आतले देखावे, प्रकाश, आवाज... ते काय रेडीमेड मिळतं?"

"तुम्ही चहा प्या," काकू म्हणाल्या.

मला विचाराल तर काकांचं म्हणणं खोटं नाही. शिवसृष्टीत पहिल्या टप्प्यात जे आहे ते मनापासून केलेलं आहे असं पाहून आलेले सांगतात. किल्ल्यांचं दुर्गवैभव आहे, शस्त्रांचं रणांगण आहे, आग्र्याहून सुटकेचा प्रसंग आहे. दुसरा टप्पा २०२५ च्या फेब्रुवारीत उघडला. गंगासागर तलाव आणि भवानीमातेचं मंदिर त्यातलं. उशीर झाला, पण जे झालं ते उघडून दाखवलं. अडतं ते दुसरीकडेच. आमचा पोरगा चार वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा कळलं की महाराजांचं असं गाव होतंय. आता तो मला विचारतो, "आई, सगळं होईल तोवर मी किती मोठा असेन?" ह्याचं उत्तर कुठल्या फलकावर लिहिलेलं नसतं.

"हाच माझा मुद्दा आहे," काकू म्हणाल्या. "आमच्या फ्लोरिडातल्या लेकीकडे काय झालं सांगू?"

सांगू नका म्हटलं तरी सांगणार होत्या.

काकूंची लेक ऑरलँडोजवळ राहते. तिकडची माणसं डिस्नेच्या बाबतीत आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांइतकीच कडक. नवा झुला जाहीर झाला की कुंपणापलीकडून फोटो काढायचे, क्रेन किती हलली ते मोजायचं, काम थंडावलं की शिव्या घालायच्या. तिथं ट्रॉन नावाची एक राइड आहे, मोटरसायकलवर ओणवं बसून सुसाट जायचं. जुलै २०१७ मध्ये जाहीर केली. पार्कचा पन्नासावा वाढदिवस होता २०२१ मध्ये, तोवर तयार होईल म्हणाले.

"नात तेव्हा सहा-सात वर्षांची," काकू सांगत होत्या. "त्या राइडला चार फूट उंची लागते. लागतेच, नाहीतर बसू देत नाहीत. ही तेव्हा चार फुटांत भरत नव्हती. रोज दाराच्या चौकटीला पेन्सिलीनं रेघ मारायची. रोज! त्या चौकटीवर अजून रेघाच रेघा आहेत, जावयानं रंग मारू दिला नाही. मग आला कोरोना, काम बंद. पन्नासावा वाढदिवस होऊन गेला, राइड नाही. आणि उघडली कधी, २०२३ च्या एप्रिलमध्ये. तोवर पोरीची उंची माझ्याहून जास्त. लेक म्हणाली, चल जाऊ. तर ही म्हणते, आई, मैत्रिणींबरोबर जाईन, तुम्ही येऊ नका."

काकू हसल्या, पण पूर्ण नाही.

"आणि गंमत ही," त्या पुढं म्हणाल्या, "हीच राइड चीनमध्ये, शांघायला, २०१६ सालीच चालू होती. म्हणजे नकाशा हातात होता. तरी सहा वर्षं."

"जुळ्या भावाचं माप घेतलं म्हणून बांधकाम आपोआप होत नाही," वरून काका. चहा संपला असावा. "जमीन वेगळी. पाया वेगळा. फ्लोरिडात तर पाणी हाताभरावर लागतं. ट्रॅक लोखंडाचा, एक-एक तुकडा कारखान्यात वाकवून आणायचा. मग जोडणी. मग रिकाम्या गाड्या पळवायच्या. मग पाण्यानं भरलेले पुतळे बसवून पळवायच्या, हजारदा. मग तुमची नात."

"पाण्याचे पुतळे?"

"माणसाच्या वजनाचे. पाणी भरलं की वजन होतं, काढलं की हलके. आपल्या खोपोलीच्या इमॅजिका पार्कातली नायट्रो राइड आहे ना, ती स्वित्झर्लंडच्या कंपनीची. ते लोक असंच करतात. तुम्हाला वाटतं काम थांबलंय, गाड्या रिकाम्याच फिरताहेत. तर ते थांबलेलं नसतं."

इथं मला काकांचं कौतुक वाटलं. पलीकडच्या भाभीसुद्धा बादली खाली ठेवून ऐकायला लागल्या होत्या. भाभी रायगढच्या, मराठी कळतं पण बोलताना हिंदीत घुसतात. त्या म्हणाल्या, "पर भैया, महादेव घाट के मेले में तो चार दिन में झूला खड़ा हो जाता है!"

खरंच होतं. कार्तिकी पुन्नीला खारून नदीकाठी महादेव घाटावर मेळा भरतो. आज मैदान मोकळं, आणि चार-दोन दिवसांत आकाशपाळणा, ब्रेक डान्स, मौत का कुआँ, सगळं उभं. ट्रकमधून दांडे उतरतात, पोरं वर चढतात, पिना ठोकतात, जनरेटर भकभकतो.

"म्हणून मी त्यात बसत नाही," काका म्हणाले.

ह्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. भाभींनी बादली उचलली.

काकांना एकदा श्रोते मिळाले की ते सोडत नाहीत. त्यांनी लगेच डिस्नेलँडची गोष्ट काढली. वॉल्ट डिस्नेनं कॅलिफोर्नियात पहिलं डिस्नेलँड जुलै १९५४ मध्ये बांधायला घेतलं आणि १७ जुलै १९५५ ला उघडलं. एका वर्षात. लोकांना हेच आठवतं. उघडण्याच्या दिवशी काय झालं ते नाही आठवत. उन्हाचा कडाका, आदल्या रात्रीपर्यंत ओतलेलं डांबर मऊ, बायकांच्या उंच टाचा रस्त्यात रुतल्या. प्लंबरांचा संप झालेला, म्हणून पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे. खोट्या पासांवर माणसं आत घुसली. डिस्नेच्या लोकांनी त्या दिवसाला पुढं काळा रविवार असं नाव ठेवलं.

"म्हणजे घाई केली तरी बोंब, नाही केली तरी बोंब," मी म्हटलं.

"बोंब कशावर आहे ते बघ," काकू म्हणाल्या. "काम उशिरा होतं ह्याच्यावर नाही. तारीख देतात आणि गप्प बसतात, ह्याच्यावर आहे. आपला स्कायवॉक घे."

आता काकू शास्त्री चौकात आल्या, म्हणजे गप्पा रंगल्या. पंडरीच्या माणसाला जयस्तंभाकडे जायचं तर शास्त्री चौक टळत नाही, आणि शास्त्री चौकात डोक्यावर तो लोखंडी सांगाडा. २०१७ मध्ये काम सुरू झालं. पायी चालणाऱ्यांनी वरून जावं, खाली वाहतूक मोकळी व्हावी, आंबेडकर हॉस्पिटलच्या पेशंटांना सोय व्हावी, असा विचार. २०१८ च्या डिसेंबरात सरकार बदललं आणि काम जागच्या जागी थिजलं. पाडायचा की पुरा करायचा ह्यावर चर्चा, समित्या, पुन्हा चर्चा. अखेर सरकार पुन्हा बदललं आणि २०२५ मध्ये उरलेल्या कामाला सुमारे ३७ कोटींची मंजुरी मिळाली.

"आमच्या चिरंजीवाला लहानपणी तोच मोठा झुला वाटायचा," मी म्हटलं. "शास्त्री चौकात रिक्षा थांबली की विचारायचा, ह्याच्या गाड्या कधी येणार?"

"शहाणा आहे," काका वरून म्हणाले. आश्चर्य म्हणजे ह्यावेळी त्यांनी कुणाची बाजू घेतली नाही. बांधकामातल्या माणसाला उशीर सहन होतो, उघड्यावर गंजणारं लोखंड होत नाही.

माझं माहेर नागपूर. त्यामुळे ह्या विषयात मी हातभार लावला नाही तर माहेरचं नाक कापल्यासारखं होईल. फुटाळ्याचं कारंजं ऐकलंय ना? तलावात संगीत कारंजं, पाण्याच्या पडद्यावर चित्रं, दिव्यांचे झोत, काठावर बसायला मोठी गॅलरी. २०२२ मध्ये चाचणीचे खेळ झाले. माझ्या भावाच्या घरची सगळी पाहून आली, महिनाभर तेच बोलणं. पुढं पाणथळ जागेचा प्रश्न कोर्टात गेला. हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट. कारंजं पाण्यात, कागद कोर्टात, असं वर्षानुवर्षं चाललं. माझी वहिनी दर फोनला सांगायची, या तुम्ही, ह्या सुट्टीत नक्की सुरू होईल. आता ती सांगत नाही, मीही विचारत नाही.

पर्यावरणवाल्यांनी विचारलेला प्रश्न चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तलाव हा तलाव आहे, आधी त्याची काळजी. पण तो प्रश्न पाइप टाकण्याआधी विचारून मोकळं व्हायला हवं होतं. कारंजं बसवून झाल्यावर कोर्टात जायची वेळ आली तर दोन्हीकडचं नुकसान.

गोरेवाड्याचं तसंच. बाळासाहेब ठाकरे प्राणीसंग्रहालयाची भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ ला उघडली, वाघ-अस्वलं-बिबटे गाडीतून बघायला मिळाले. छान आहे, जरूर जा. पण त्याच्या आधीपासून आफ्रिकन सफारीचं नाव ऐकतोय. जिराफ, झेब्रा, सगळं. माझा भाचा तेव्हा जिराफाचं चित्र काढायचा. आता तो इंजिनिअरिंगला आहे.

"आपली जंगल सफारी तरी झाली बाई," काकूंनी रायपूरची बाजू सावरली. खरंच आहे. नवा रायपूरची जंगल सफारी १ नोव्हेंबर २०१६ ला राज्य स्थापनेच्या दिवशी उघडली, आठशे एकरांत. पुरखौती मुक्तांगन त्याच्याही आधीचं, नोव्हेंबर २००६ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते. तेव्हा तिथं गेलेली माणसं सांगतात, माळरानावर दोन-चार पुतळे आणि ऊन. आज बस्तरचा मोठा भाग त्यात उभा आहे, दिवाळीत पाय ठेवायला जागा नसते. वीस वर्षं हळूहळू वाढलं. पण कुणी रुसलं नाही, कारण कुणी तारखांचे ढोल बडवले नव्हते. जे होतं ते होतं, आणि जे नव्हतं त्याचं तिकीट घेत नव्हते.

ह्या तिकिटावरून मला माझी कहाणी आठवली. नाव घेत नाही, उगीच कशाला. मागं एका मोठ्या पार्कात गेलो होतो. तिकीट घेताना भिंतीएवढ्या फोटोत नवी राइड झळकत होती, माणसं हात वर करून किंचाळताहेत. आत गेलो तर त्या राइडभोवती हिरवी जाळी. जाळीवर पाटी, लवकरच येत आहे. तिथल्या पोराला विचारलं, लवकर म्हणजे? तो म्हणाला, मॅडम, मी लागलो तेव्हापासून हीच पाटी आहे. आमचे चिरंजीव जाळीला नाक लावून आत बघत उभे. आत एक कुत्रं सिमेंटच्या पोत्यांवर झोपलं होतं आणि ट्रॅकच्या कमानीला चिमण्यांनी घरटं केलं होतं. तिकिटात एक पैसा कमी नाही.

"अर्धं तिकीट मागायचं होतं," काकू.

"मागितलं. म्हणाले, राइड जाहिरातीत आहे, तिकिटात नाही."

काका एवढ्या मोठ्यानं हसले की भाभी पुन्हा बाहेर आल्या.

मग भाभींनीच विचारलं, इमॅजिकाचं काय, तेही असंच का? तेव्हा काकांनी जे सांगितलं ते मला पटलं. खोपोलीचं इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये उघडलं तेव्हा सगळे खेळ तयार नव्हते. जेवढे होते तेवढे चालू केले, उरलेले त्याच वर्षी पुरे करून नोव्हेंबरात संपूर्ण पार्क सुरू. वॉटर पार्क २०१४ मध्ये, स्नो पार्क त्यानंतर. म्हणजे टप्पे तिथेही होतेच. पण टप्पा म्हणजे काय, कधी, हे माणसाला कळत होतं. पुढं पैशाच्या अडचणी आल्या, २०२२ मध्ये मालपाणी समूहानं ते घेतलं, ती वेगळी कथा.

"आणि मुंबईच्या समुद्रातलं महाराजांचं स्मारक?" काकूंनी शेवटचा पत्ता टाकला.

२४ डिसेंबर २०१६ ला पंतप्रधानांच्या हस्ते जलपूजन झालं होतं. आम्ही रायपूरला टीव्हीवर पाहिलं, काकूंकडे त्या दिवशी पुरणपोळी होती. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २०१९ मध्ये काम थांबलं. त्या जागी आजही समुद्र आहे.

काका गॅलरीतून काही बोलले नाहीत. काकूच म्हणाल्या, "नारळ फोडायला अर्धा तास लागतो. फोटो छापून यायला एक रात्र. पुढची सगळी वर्षं मात्र आपली. तिथं कुणी वाली नाही."

"मग उपाय काय?" मी विचारलं.

"उपाय साधा आहे," काकांनी रेलिंगवर दोन्ही हात टेकले. रिटायर माणसाला उपाय विचारणारं कुणी भेटलं की तो पाच वर्षांनी तरुण होतो. "बांधकामाच्या जागेवर पाटी असते. कामाचं नाव, खर्च, सुरू झाल्याची तारीख, पुरं होण्याची तारीख. आता होतं काय, तारीख टळली की ती पाटी एक तर पडते, नाहीतर तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स येतो. असं करा, जुनी तारीख पुसू नका. तिच्या खाली नवी लिहा, आणि शेजारी कारण लिहा. पैसा आला नाही, तर पैसा आला नाही. कोर्टात आहे, तर कोर्टात. लोकांना कारण कळलं की ते समजून घेतात."

"आणि सगळी तयारी झाल्याशिवाय पोरांना दाखवायचा फोटो छापायचा नाही," काकूंनी जोडलं. "मोठ्यांना गंडवा. पोरांना नको."

मला काकूंची दुरुस्ती जास्त मोलाची वाटली. मोठा माणूस उशीर पचवतो, त्याला सवय असते. पोराचं वय मात्र कुणाच्या टेंडरसाठी थांबत नाही. पाच वर्षांच्या मुलाला दाखवलेला झुला तो पंधराचा झाल्यावर उघडला, तर तो त्याच्यासाठी उघडलाच नाही. मग आत कितीही लाइट लावा. असे प्रकल्प आखणाऱ्यांनी खर्चाच्या रकान्याशेजारी एक रकाना वयाचा ठेवावा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

शेंगा मी घेतल्या. संध्याकाळी मुनग्याचं पिठलं केलं, वाटी भिंतीवरून परत गेली, त्यात थोडी बिजौरी घालून.

सुट्टीत तुम्हीही पोरांना घेऊन कुठं निघणार असाल, शिवसृष्टीला, गोरेवाड्याला, खोपोलीला, नाहीतर आमच्या जंगल सफारीला, तर एवढं करा. आधी फोन लावून तीन गोष्टी विचारा: आज काय चालू आहे, काय बंद आहे, आणि जे बंद आहे त्याचे पैसे तिकिटात धरलेत का. उंचीची अट असेल तर तीही विचारून घ्या, आणि पोराला घरीच दाराशी उभं करून मोजा. शिवसृष्टीचे मात्र दोन टप्पे उघडे आहेत, ते बघण्यासारखे आहेत. पुढच्या दोनांची वाट बघत बसू नका, पोरगं लहान आहे तोवर जाऊन या.